काळ्या पट्ट्यांची यादी

हिवरझरीत भाजीपाला करणारी घरं अकरा. सिंधूताई गणवीरला ती बोटांवर मोजावी लागत नाहीत. कुणाच्या वावरात पालक आहे, कुणी सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला, कुणाची वांगी किडीने खाल्ली, हे तिला धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जाता जाता कळतं, कारण तीस वर्षं झाली, त्या अकरांतली एक ती स्वतः आहे. पहाटे भाजी खुडायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि आठच्या ऑटोने जाऊन नागपूरला लागलेल्या बेसाच्या बाजूला झालेल्या नव्या लेआउटच्या, बंगल्यांच्या वसाहतीच्या, वळणावर टोपलं मांडायचं. नवरा भीमराव जाऊन सात वर्षं झाली. मुलगी नंदिनी लग्न होऊन नागपुरात नंदनवनला असते, तिथे तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वावर मात्र सिंधूताईने एक दिवस पडीक ठेवलं नाही.

म्हणून गेल्या मार्गशीर्षात नवी कृषी सहायक रितिका मोबाईलवर पिकांची नोंद करायला आली, आणि धुऱ्यावर बसून चहा पिता पिता सहज बोलून गेली की करोनातल्या भाजीपाला मदतीचे तुमच्या गावात त्रेचाळीस लाभार्थी आहेत, तेव्हा सिंधूताईचा कप ओठाशीच थांबला.

तिने पुन्हा विचारलं. रितिका म्हणाली, त्रेचाळीसच. जुन्या फाइलीत तिने स्वतः वाचलं होतं. पैसे तर केव्हाच वाटून झालेत, गावाचा अहवालही बंद झाला. ती मुलगी भंडाऱ्याकडची, नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. चहा संपवून, पालकाचा फोटो काढून ती पुढच्या वावरात गेली.

सिंधूताई तिथेच बसून राहिली. तिला ते चैत्र-वैशाखाचे दिवस आठवले, सगळं बंद होतं ते. दीड एकरात पालक, मेथी आणि सांबार उभा होता. भाजीला परवानगी आहे असं टीव्हीवर सांगत होते, म्हणून तिने ऑटोवाल्याला दुप्पट भाडं कबूल केलं आणि बारा टोपली भरून निघाली. बेसाच्या अलीकडच्या नाक्यावर दोन पोलिसांनी ऑटो थांबवला. परवानगीचा कागद मागितला. तो कागद कुठे मिळतो हे त्यांनाही सांगता आलं नाही. एकाने काठीच्या टोकाने वरचं टोपलं ढकललं, जुड्या डांबरावर सांडल्या. ती परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा परत आली. तिसऱ्या दिवशी ओल्या पोत्याखाली ठेवलेला पालक पिवळा पडला, मग गळून त्याचा काळा चिखल झाला. बकऱ्यांनीही तोंड फिरवलं. तो वास पंधरा दिवस घरातून गेला नाही. वावरातला सांबार तर फुलावर येऊन उभ्या उभ्या वाळला.

मग सरकारने मदत जाहीर केली. एकरी दहा हजार. तिने सातबारा काढला, आठ-अ काढला, पासबुकाची झेरॉक्स जोडली आणि तेव्हाच्या कृषी सहायकाच्या हातात अर्ज दिला. पोच मागितली तर तो म्हणाला, करोनाचा टाइम आहे, कागद हाताळायचे नाहीत, पोच कशाला पाहिजे. दिवाळीनंतर तिने विचारलं तेव्हा गावाचा कोटा फार थोडा आला, तुमचं बसलं नाही, असं उत्तर मिळालं. शेजारच्या वावरातला धोंडबाही तसाच परत आला होता. तो म्हातारा, एका कानाने कमी ऐकतो. त्याने तर त्या सहायकाचे आभार मानले होते.

थोडा कोटा. अकरा भाजीवाल्यांच्या गावात त्रेचाळीस माणसांना पुरला, तो थोडा.

सिंधूताईला राग आला की ती आरडाओरडा करत नाही. तिचे हात जोरात चालू लागतात. त्या दिवशी तिने एकटीने पाच वाफ्यांचं निंदण काढलं, आणि दुसऱ्या दिवशी भाजी विकून झाल्यावर तशीच नंदनवनला गेली.

आईचं सगळं ऐकून नंदिनीने आधी हात जोडले. कशाला त्या भानगडीत पडायचं, पंधरा हजारांसाठी पाच वर्षं ऑफिसचे उंबरे झिजवशील, असं तिचं म्हणणं. सिंधूताईने सांगितलं की पैशासाठी आली असती तर तेव्हाच आली असती. तिला यादी पाहिजे. फक्त यादी, नावानिशी. नंदिनीच्या दुकानात माहिती अधिकाराचे अर्ज रोज टाइप होत. आईकडे एकदा पाहून तिने मशीन चालू केलं, खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि अर्ज तालुक्याच्या कार्यालयात गेला.

उत्तर बरोबर तिसाव्या दिवशी आलं. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची खासगी माहिती असल्याने पुरवता येत नाही. दोन ओळी आणि सही.

नंदिनीने अपील टाइप केलं. सुनावणीच्या दिवशी सिंधूताई सकाळी भाजी न नेता तालुक्याला गेली. साडेअकराची वेळ दिली होती, तिला तीन वाजता आत बोलावलं. अपील ऐकणारे साहेब पस्तिशीचे असतील. वागायला वाईट नव्हते. त्यांनी बसा म्हटलं, पाणी मागवलं. मग समजावणीच्या सुरात सांगू लागले की कुणाच्या खात्यात किती आले हे दुसऱ्याने विचारणं बरं नाही, तुमचा पगार किती असं आपण कुणाला विचारतो का. गावात उगाच भांडणं लागतात. आणि शेवटी म्हणाले, "बाई, दुसऱ्याला मिळालं याचं तुम्हाला एवढं काय लागलं?"

सिंधूताईने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"साहेब, माह्या घराच्या भिंतीवर सरकारनं पिवळा रंग मारून लिहून ठेवलं आहे. घरकुल. लाभार्थी भीमराव गणवीर. रक्कम इतकी, वर्ष अमुक. येणारा जाणारा वाचते. लिहाच्या आधी आमाले कोणी पुसलं नाही का बाई, हे तुमचं खासगी आहे, लिहू का. संडास बांधला, त्याच्या दारावर लिहिलं. दारिद्र्यरेषेची यादी ग्रामपंचायतीत टांगली, तिच्यात माह्या लेकीचं नाव होतं, शाळेतल्या पोट्ट्यांनी तिले चिडवलं. तवा कोणाले लाज वाटली नाही. गरिबाले दिलं का भिंतीवर, आन् मोठ्याले दिलं का खासगी. हे कोणत्या कायद्यात लिहिलं आहे, तेवढं मले दाखवा. मी उठून जाते."

   साहेबांनी फाइल चाळून निकाल सांगितला, यादी द्यावी, मात्र लाभार्थ्यांची नावं आणि खाते क्रमांक झाकून द्यावेत. त्यांना वाटलं, दोन्ही बाजू सांभाळल्या.

यादी पंधरा दिवसांनी नंदिनीच्या दुकानाच्या पत्त्यावर आली. तीन पानं. कुणीतरी पट्टी धरून काळ्या मार्करने नावांचा रकाना वरपासून खालपर्यंत रंगवला होता. शाई इतकी दाबून फिरवलेली की कागद मागून फुगला होता. नंदिनीने पानं उजेडाकडे धरून पाहिली, तिरपी करून पाहिली. काही दिसेना. ती वैतागून म्हणाली की आई, झालं, यांनी आपल्याला कोरा कागद पाठवला.

सिंधूताई चौथी शिकलेली. तिला काळ्या पट्ट्यांत काही वाचायचंच नव्हतं. तिचं बोट त्यापुढच्या रकान्यावर गेलं. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, रक्कम. ते चारही रकाने जसेच्या तसे होते. नावं झाकणारा माणूस ऑफिसातला होता, त्याला आकडे म्हणजे आकडेच वाटले. पण गावात जन्म काढलेल्या बाईला गट नंबर सांगितला की धुरा दिसतो, धुऱ्यावरचं झाड दिसतं, आणि ते झाड कुणाच्या आजाने लावलं हेही आठवतं.

"बारा," ती म्हणाली. "बारा म्हणजे तलाव. तलावात मेथी लावली बाप्पा यांनी, अडीच एकर."

नंदिनी स्टूल ओढून जवळ आली.

एकोणीस ही पहाडी, तिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही, तिथे टमाटर. सव्वीस हे सरकारी कुरण. तेहेतीस हे माजी सरपंच मनोहररावांच्या मेहुण्याचं, त्यात तीस वर्षांपासून संत्र्याची बाग आहे, तिथे पालक. एकेचाळीस हे खुद्द मनोहररावांचं, पाच एकर, वांगी. एकेचाळीसवर सिंधूताईचं बोट थांबलं आणि ती हसली, पण ते हसणं ऐकून नंदिनीला बरं वाटलं नाही. एकेचाळीस म्हणजे बेसाला लागून असलेला तोच लेआउट, जिथे ती रोज टोपलं मांडते. करोनाच्या तीन वर्षं आधीच तिथे सिमेंटचे रस्ते झाले होते, चाळीसेक बंगले उभे होते. मनोहरराव दोन वेळा सरपंच राहिलेले. जमीन विकून लेआउट त्यांनीच पाडला, पण सातबाऱ्यावरचं शेत उतरवायचं राहिलं की राहू दिलं, कोण जाणे.

दोघींनी वही घेतली. नंदिनी आकडा वाची, आई जागा सांगे. खऱ्या भाजीवाल्यांपैकी चौघांचे गट यादीत सापडले. बाकी सगळं असंच. तिसऱ्या पानाच्या मध्यावर नंदिनी म्हणाली, "त्रेसष्ट. पालक आणि मेथी, तीन एकर."

आईने वही मिटली. नंदिनीने वर पाहिलं आणि मग तिच्याही लक्षात आलं. त्रेसष्ट त्यांचाच गट होता. तीन एकर, सातबाऱ्यावर दोन नावं. एक सिंधूताईचं. दुसरं तिच्या दिराचं, नत्थूचं.

सिंधूताई लग्न होऊन आली तेव्हा नत्थू नऊ वर्षांचा होता. सासू आधीच गेलेली. त्याच्या शाळेचा डबा तिने भरला, त्याच्या तापात रात्री तिने काढल्या, त्याचं लग्न तिने लावून दिलं. आता बारा वर्षं तो मनोहररावांची गाडी चालवत होता. आपल्या वाटणीच्या दीड एकरात त्याने कधी भाजी केली नाही, ते कापसासाठी बटईने, निम्म्या वाट्यावर, देऊन टाकलेलं. एका अंगणात दोघांची घरं होती, आणि त्याची मुलगी पिंकी वाढली ती निम्मी सिंधूताईच्या चुलीशी.

त्या दिवशी ऑटोत ती सबंध वाट बाहेर पाहत राहिली. गावात उतरली ती घरी गेलीच नाही. मनोहररावांच्या फाटकाबाहेर नत्थू गाडी धूत होता, तिथे गेली आणि यादीचं तिसरं पान त्याच्यासमोर धरलं.  नत्थूने आकडा पाहिला, पाण्याचा पाइप बंद केला आणि फडक्याने हात पुसत बसला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

मग त्याने सांगितलं. मनोहररावांच्या माणसाने तेव्हा विचारलं होतं, गट आहे ना तुझा, सही कर, पैसे तुझ्या खात्यात येतील, निम्मे आम्हाला दे. पिंकीला नर्सिंगला घालायचं होतं, फीचा पहिला हप्ता समोर होता. पंधरा हजार आयते मिळत होते.

सिंधूताईने एवढंच विचारलं की मग तिचा अर्ज कुठे गेला.

नत्थू गाडीच्या चाकाकडे पाहत म्हणाला, "एका गटावर एकच अर्ज चालत होता, वहिनी. तुमचा होता पहिले. त्या कृषी सहायकानं तो काढला आन् माहा लावला. मले माहीत होतं. सांगाचं सांगाचं म्हणता राहून गेलं."

तिला वाटलं होतं की तो नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर तिने कदाचित त्याच्या थोबाडीत मारली असती आणि मोकळी झाली असती. पण हा सरळ हो म्हणाला. चार वर्षं हा तिच्या अंगणातून गेला, तिच्या हातचा चहा प्याला, सडलेल्या पालकाची टोपली उकिरड्यावर न्यायला यानेच हात लावला होता, आणि तेव्हाही त्याला ठाऊक होतं.

"मले मागतले असते तर म्या बकऱ्या विकून पिंकीची फी भरली असती," ती म्हणाली. "तुले माहीत होतं हेही."

 ती वळली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सिंधूताईने बेसाच्या हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या रंगाचा डबा घेतला, काळ्या रंगाची डबी घेतली आणि दोन ब्रश. दुकानदाराने घराला रंग का म्हणून विचारलं, तर हो म्हणाली. घरी येऊन तिने नत्थूच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पिवळा चौकोन मारला. नत्थूची बायको दारात येऊन उभी राहिली, रडली, विनवण्या केल्या. सिंधूताईने रंग सुकेपर्यंत वाट पाहिली. मग काळ्या रंगाने, सरकार लिहितं तसंच, एकाखाली एक लिहिलं. करोना भाजीपाला मदत. गट क्रमांक ६३. पीक पालक, मेथी. लाभार्थी नत्थू गणवीर. रक्कम तीस हजार. अक्षरं वेडीवाकडी आली, पण मोठी आली. नत्थू संध्याकाळी आला, त्याने वाचलं आणि खाली मान घालून आत गेला. पुसलं मात्र नाही.

पुढचं तिने लेआउटच्या फाटकाजवळच्या लांबलचक कंपाउंडवर लिहिलं. भरदिवसा, अकरा वाजता, टोपलं बाजूला ठेवून. गट क्रमांक ४१. पीक वांगी. क्षेत्र पाच एकर. रक्कम पन्नास हजार. लाभार्थ्याचं नाव यादीत झाकलेलं होतं, म्हणून तिने नावाच्या जागी काळी पट्टीच ओढली. लेआउटमधली माणसं थांबून वाचू लागली. तिच्याकडून रोज भाजी घेणाऱ्या एक बाई, बँकेतून रिटायर झालेल्या, त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं की हा एकेचाळीस नंबर म्हणजे कुठलं शेत. सिंधूताईने त्यांच्या बंगल्याकडे बोट केलं. बाई आधी हसल्या. मग त्यांना कळलं. त्या कंपाउंडला टेकून तशाच उभ्या राहिल्या, आणि ज्याला त्याला सांगू लागल्या.

तासाभरात मनोहरराव आले. गाडी दुसराच कुणी चालवत होता. उंचपुरा माणूस, पांढरे कपडे, आवाज कधी चढत नाही. त्यांनी भिंत वाचली, जमलेल्या माणसांना नमस्कार केला आणि सिंधूताईला जरा बाजूला घेतलं. म्हणाले की तुमच्या घरातल्या वादात मला का ओढता. म्हणाले की तुमचं नाव राहून गेलं असेल, चूक झाली असेल, माणसाच्या हातून होते. मग आणखी हळू बोलले. "पुसून टाका, सिंधूबाई. पुढच्या यादीत पहिलं नाव तुमचं लावून देतो."

ती मुद्दामच मोठ्याने बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मले यादीत नाही बसाचं, पाटील. मले यादी पाह्याची आहे."

संध्याकाळी पोलीस चौकीतून निरोप आला. भिंत विद्रूप केल्याची तक्रार होती. नंदिनी धावत आली, तिचा चेहरा उतरलेला. चौकीतल्या जमादाराने सिंधूताईला बाकावर बसवलं आणि सांगितलं की उद्या सकाळी रंग मारून भिंत पूर्वीसारखी करा, विषय संपवू. ती म्हणाली, करते. फक्त त्यातलं काय खोटं आहे तेवढं तक्रारीत लिहून द्या. गट खोटा, पीक खोटं की रक्कम खोटी. खोटं निघालं तर भिंतच काय, सगळ्या लेआउटला रंग मारून देते, माझ्या पैशाने.

जमादाराने तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे पाहिलं. हे लिहून द्यायचं तर मनोहररावांना सहीनिशी सांगावं लागणार होतं की त्यांनी मदत घेतलीच नाही, किंवा घेतली आणि वांगीही पिकवली, बंगल्यांच्या खाली. तो माणूस बाहेर जाऊन फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला की साहेब मोठ्या मनाचे आहेत, तक्रार मागे घेतो.  नंदिनीने सिंधूताईचा दंड धरून तिला घरी नेलं.

चार दिवसांनी एक मेची ग्रामसभा होती. एरवी पंधरा माणसं जमत नाहीत, त्या दिवशी शाळेचं अंगण भरलं. नंदिनीने यादीच्या पन्नास झेरॉक्स काढून आणल्या होत्या. ग्रामसेवक वाचायला तयार नव्हता, विषयपत्रिकेत हा विषय नाही म्हणाला. तेव्हा धोंडबा उठला. आयुष्यात तो कधी ग्रामसभेत बोलला नव्हता. त्याने सांगितलं की मला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने वाचा, आणि तो ग्रामसेवकाच्या टेबलाशीच जाऊन उभा राहिला. वाचल्याशिवाय तिथून हलणार नाही हे सगळ्यांना दिसलं. ग्रामसेवक वाचू लागला. गट बारा, आणि अंगणातून कुणीतरी म्हणालं, तलाव. गट एकोणीस, पहाडी. गट सव्वीस, कुरण. सुरुवातीला लोक हसत होते. दुसऱ्या पानावर हसणं थांबलं. नुसते आकडे आणि जागा ऐकू येत राहिल्या, आणि प्रत्येक जागेनंतर माना एकेका घराकडे वळत होत्या.

मागच्या रांगेतून मनोहररावांचा मेहुणा ओरडला, त्रेसष्ट कुणाचा आहे तेही विचारा हिला.

सिंधूताई जागची उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "आमचा आहे. आमच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे, जाऊन वाच. तुह्या भिंतीवर कवा लिहितो?"

ठराव झाला. चौकशी लागली. पावसाळाभर तालुक्याची माणसं येऊन गेली, तलावाच्या काठावर उभं राहून त्यांनी पंचनामे केले. दिवाळीच्या सुमारास निकाल लागला तो असा. एकोणचाळीस नावं अपात्र, रक्कम परत करण्याच्या नोटिसा. मनोहररावांनी पन्नास हजारांचा चेक नजरचुकीने रक्कम जमा झाल्याच्या पत्रासह स्वतः नेऊन दिला, आणि एका पेपरात त्यांचा फोटो आला, अधिकाऱ्याला चेक देताना, खाली प्रामाणिकपणाचं कौतुक. बाकीच्यांनी त्यांना निम्मे निम्मे दिले होते, त्याबद्दल कुठेही एक ओळ नव्हती. ज्याने यादी बनवली तो जुना कृषी सहायक बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. सिंधूताईला एक पत्र आलं. आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाल्याची नोंद आढळत नाही, योजना बंद झालेली आहे, सबब मदत देय नाही.

आणि नत्थूची नोकरी गेली. एकोणचाळीस माणसांत एकट्याची.

हे कळलं त्या दिवशी सिंधूताईने वावरात कुदळ इतकी जोरात हाणली की दांडा तुटला. तिने ज्याच्यावर रंग उडवला तो माणूस पेपरात हसत होता, आणि तिचा दीर अंगणात खाटेवर दिवसचे दिवस पडून होता, तीस हजारांची नोटीस उशाशी घेऊन. तिला त्याची कीव येत नव्हती. पण हे असंच व्हायचं होतं हे आपल्याला आधी कसं कळलं नाही, याचाच तिला संताप येत होता. वजन खाली आलं की सर्वांत खालच्याच्या अंगावर पडणार, एवढं तर तिने जन्मभर पाहिलं होतं.

पिंकी आता धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. ती रविवारी आली, मोठ्या आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली की पगारातून दर महिन्याला ती सरकारचे पैसे फेडेल, फक्त त्या भिंतीवरचं आता पुसून टाक. सिंधूताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाही म्हणाली. पैसे फिटले की त्याच भिंतीवर फिटले असं लिहू, पण पुसायचं नाही. पिंकी रागावली आणि न जेवताच गेली.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावातली चार माणसं तिच्या टोपल्यापाशी आली. त्यांच्या गावातही तशीच मदत आली होती, आणि त्यांनाही तसंच उत्तर मिळालं होतं. तिने भाजी विकता विकता त्यांना सांगितलं की नावं काळी करून देतील, देऊ द्या, गट नंबर तेवढे सोडू नका. नंदिनीच्या दुकानाचा पत्ता दिला. ती माणसं आभार मानू लागली तर तिने पालकाच्या दोन जुड्या त्यांच्या हातात कोंबल्या आणि पैसे घेतले.

एका सकाळी ती वावरात पोचली तर नत्थू आधीच तिथे होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा, पाटाचं पाणी पालकाकडे वळवत होता. बारा वर्षं स्टिअरिंग धरलेल्या हातांना फावडं नीट पेलत नव्हतं, अर्धं पाणी सांबाराच्या वाफ्यात शिरत होतं. तिने ते पाहिलं. यादीचं पान दाखवलं त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. टोपलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि मेथी खुडायला बसली.

ऊन वर आलं तेव्हा तो जवळ येऊन उभा राहिला, आता काय करू असं विचारत.

"तिकडचा पाट फोड," ती मान वर न करता म्हणाली. "आन् मी बोलली म्हणजे माफ केलं असं समजू नको."

तो होय म्हणाला आणि पाट फोडायला गेला.